फ्लेक्सवरची नाजिया

माह्यासमोर नाजियाचं नाव काढून कोणी ‘लोभ’ हा शब्द बोललं ना, तर हातातला हार खाली टाकून मी उठीन अन् त्याले असं झाडीन का तो मंग इतवाऱ्यात फुलं घ्यायले येणार नाई. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मंग कोणी म्हणू नये का शकुनचं तोंड वाईट. आहेच वाईट. गोड तोंडाच्या माणसानं आमचं काय भलं केलं, ते आता ऐका.

अमरावतीच्या इतवारा बाजारात माहं हार-फुलाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पाट, दोन टोपल्या अन् वर ताडपत्री. बाजूले नाजियाचं बांगड्याचं. तिची सासू आयशाबी, तिच्याच हातानं माह्या लग्नाचा चुडा भरला होता. आयशाबीले दिसेनासं झालं अन् बांगड्याची पेटी सुनेकडं आली. नाजिया अकोल्याची लेक, इथं मनियाराच्या, म्हणजे बांगडीवाल्याच्या घरात दिली. बीकॉम झालेली. सासरी त्या बीकॉमचं कोणी काई केलं नाई, अन् तिनंबी कधी बोलून दाखवलं नाई.

बांगड्या भरणं तुमाले सोपं काम वाटते का? बाईचा हात हातात घ्या, अंगठ्याखालचं हाड दाबा, बोटं गोळा करा, अन् काच अशी सरकवा का तिले कळूच नये. हात कडक असला तर बोलण्यात गुंतवा. नाजियाच्या हातात हात देऊन बाया घरचं सारं ओकून टाकत. सासूचं, जावेचं, नवऱ्यानं उचललेल्या हाताचं. तिनं ते कधी दुसरीच्या कानावर जाऊ दिलं नाई. भरून झालं का आपल्याकडून वरची एक बांगडी घाले, अन् बाई तिले वाकून नमस्कार करून जाये. मनियारणीले नमस्कार करायची आमच्याकडं रीत आहे, तिथं तिची जात-धर्म कोणी पाहत नाई. तर नाजियाची सारी कमाई म्हणजे हे बायाइचे हात. बाकी काचेत काय ठेवलं आहे, कुठंबी भेटते.

मंग आमच्या कोपऱ्यावरच्या माडीवर एक क्लास उघडला. ‘डॉलरविद्या’. चंदन सर म्हणून एक माणूस पुण्याकडून आलता. कडक इस्त्रीचा शर्ट अन् मराठी अशी शुद्ध का आमालेच आमची लाज वाटावी. परदेशी पैशाचा भाव कवा चढते, कवा उतरते, डॉलर-युरोचा सौदा कसा करायचा, हे तो शिकवणार. बायाइसाठी दुपारची बॅच. दुपारी बाजार थंडाच असते.

नाजियानं मले विचारलं, “शकुनताई, जाऊ का?”

मी म्हटलं, “जा व. कुलपातल्या बीकॉमले जरा हवा लागन. पेटीकडं मी पाहीन.”

आता फ्लेक्सचं सांगावं लागन, कारण सारी आग तिथूनच लागली. आमच्याकडं काई उघडो, चहाची टपरी असो का सलून, नाईतर नेत्याच्या पोट्ट्याचा वाढदिवस असो, चौकात फ्लेक्स लागतेच. वर ज्याचं काम त्याचा मोठा फोटो, खाली रांगेनं गल्लीतले सगळे ‘शुभेच्छुक’. फोटो मागायले कोणी आलं का नाई म्हणता येत नाई, त्याचा अपमान होते. एका सलूनच्या फ्लेक्सवर माहाबी फोटो होता. मी सलूनात जाऊन काय दाढी करू? चंदन सरानं क्लासच्या बायाइले फोटो मागितले, सगळ्याइनं दिले. नाजियानंबी दिला. बँकेसाठी काढलेला, डोक्यावर ओढणी नीट घेतलेला.

अन् शिकली कशी ती! मोबाईलवर भावाच्या काड्या असतात म्हणे, कॅन्डल म्हणतात त्याले. भाव चढला तर हिरवी काडी, उतरला तर लाल. काडीले वर-खाली बारीक शेपटी. भाव कुठवर जाऊन वापस आला ते त्या शेपटीवरून समजते. नाजिया दुपारून येऊन मोबाईल माह्या टोपलीवर टेकवे अन् बोट फिरवून दाखवे, “हे पाहा. इथं भाव पडला अन् वापस फिरला. मंग पडला अन् पुन्हा इथूनच फिरला. म्हणजे हा त्याचा टेकू. सर सपोर्ट म्हणते.” मले त्या लाल-हिरव्या काड्यात निरा बांगड्याच दिसत. पण तिचे डोळे पाहावे. लग्नात नवी आली तवाचे डोळे वापस आले होते तिच्या तोंडावर.

पहिले खोट्या पैशाच्या खात्यावर सराव. कोणता सौदा कावून घेतला, कावून सोडला, ती मले धडा म्हणून दाखवल्यासारखी सांगे. एक गोष्ट ती घोकून घोकून बोले. “सौद्याले हात लावायच्या आधीच ठरवायचं, चुकलो तर कुठं सोडून द्यायचं. स्टॉपलॉस म्हणते त्याले. ते न लावता सौदा म्हणजे जुगार.”

मी म्हटलं, “समजलं बापा. बांगडी लहान पडली का तू रेटत नाई, मोठ्या मापाची काढते, तसं.”

“हो ना. रेटली का काच बाईच्या हातात जाते,” ती म्हणे.

सराव-खात्याची स्पर्धा झाली, त्यात नाजिया पहिली आली. सरानं सत्कार ठेवला. शेवंतीचा हार माह्याच दुकानातून गेला, मी त्यात दोन गुलाब जास्तीचे ओवले. तिचा नवरा रऊफ कधी माडी चढला नाई, तोबी त्या दिवशी टाळ्या वाजवायले चढला. अन् त्याच्या आठवड्याभरात चौकातला फ्लेक्स बदलला. खालच्या रांगेतली नाजिया वर गेली, घागरीएवढं तोंड झालं तिचं, अन् बाजूले लिहिलं, ‘आमची यशस्वी ट्रेडर’. कशात यशस्वी? खोट्या पैशात! ते मात्र कुठंच लिहिलं नाई. तिनं सराले म्हटलं, काढा बा, मले लाज वाटते. तर म्हणे, “राहू द्या ताई, आपल्यामुळे इतर भगिनींना प्रेरणा मिळते.”

भेटली ना प्रेरणा! आमच्याकडं खालच्या रांगेतला फोटो म्हणजे काईच नाई, अन् वरचा मोठा फोटो म्हणजे जामीन. हे कोणी कुठं लिहून ठेवलं नाई, पण सगळ्याइले मालूम असते. नाजियालेच ते मालूम नव्हतं, कारण ती कधी वर गेलीच नव्हती. बायाइनं फ्लेक्स पाह्यला अन् म्हटलं, नाजिया आहे म्हणजे ठीकच असन. एकीनंबी तिले येऊन विचारलं नाई, का नाजिया, यात दम आहे का व? नवऱ्याचं मारणं जिले सांगत, तिले एवढं विचारायले काय यांची जीभ झडली होती?

त्यात आमची माणिकबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोट्ट्याइची खिचडी शिजवते. नवरा केशवराव चौकीदार. घरावर टिनपत्रे, अन् वऱ्हाडातला मे महिना तुमाले सांगायले नको, टिनाखाली माणूस शिजून निघते. स्लॅब टाकायचा म्हणून माणिकबाईनं वर्षानुवर्षं पोटाले चिमटा घेऊन साठवलं होतं. क्लास तिले फार समजत नव्हता. ती फक्त फ्लेक्सकडं पाहून आलती.

सराव लय झाला, आता खरे पैसे टाका, असं चंदन सरानं एक दिवस फर्मावलं. अ‍ॅप त्याचंच, त्यानंच सगळ्याइच्या मोबाईलमधी घालून दिलं. नाजियानं थोडेसे टाकले. अन् पहिल्या थोड्या दिवसातच तिले काईतरी खटकलं.

ती दुपारी आली अन् मोबाईलकडं पाहत बसली. मी म्हटलं, “काय व, बोलून नाई राहिली?”

“शकुनताई, मी युरो घेतला. टेकूच्या खाली स्टॉपलॉस लावला, सरानं शिकवलं तसंच. भाव खाली आला, माह्या स्टॉपलॉसले बराबर शिवला, माहा सौदा तुटला, अन् लगेच भाव वर पळाला.”

“मंग नशीब म्हण.”

“नशीब नाई.” तिनं दुसरा चार्ट उघडला. जगात कोणालेबी फुकट दिसते तसला. “तोच युरो, तीच वेळ. इथं ती शेपटीच नाई. इकडं-तिकडं जराशी कमी-जास्त चालते, पण एवढी लांब शेपटी? अन् मागचं पाह्यलं तर जिथं जिथं माहा स्टॉपलॉस, तिथं तिथं यांच्या काडीले शेपटी.”

मले समजायले जरा वेळ लागला. पण समजलं तवा माह्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे बाजार तिकडं दूर कुठं जगात, अन् या अ‍ॅपमधी जे दिसते ते याइनं आपल्या हातानं काढलेलं चित्र! बाईनं पैसा कुठं ठेवला ते पाहायचं अन् तिथवर काडी ओढायची. हा तराजूत मारलेला काटा झाला. आमच्या बाजारात असा तराजू धरला ना, तर बाया त्या माणसाले कोबीनं मारतात.

नाजिया माडी चढून गेली, मी मागं. तिनं दोन्ही चार्ट सरासमोर ठेवले अन् अगदी अदबीनं विचारलं, “सर, ही शेपटी दुसरीकडं कुठंच कावून नाई?”

त्यानं मोबाईलकडं नजरबी टाकली नाई. हसला अन् म्हणे, “ताई, ट्रेडिंग म्हणजे मानसिकता असते. तुमची मानसिकता नकारात्मक झालीय. उलट स्टॉपलॉस लावूच नका, म्हणजे तुटणारच नाही.”

पाहा म्हटलं! ज्यानं शिकवलं का स्टॉपलॉसबिगर सौदा म्हणजे जुगार, तोच म्हणते लावू नका. चोराच्या उलट्या बोंबा. नाजियानं तिथंच पैसे वापस काढायचं बटण दाबलं, तर अ‍ॅप म्हणते, आधी टॅक्स भरा. आपलेच पैसे बाहेर काढायले अजून पैसे घाला! तिनं खाली उतरता उतरता क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘बायाइनो, थांबा, पैसे टाकू नका.’ आम्ही शेवटच्या पायरीवर येईस्तोवर सरानं तिले ग्रुपातून काढलं होतं, अन् लिहिलेलं पुसलंबी होतं. मंग ती घरोघर फिरली. पण माणिकबाईनं त्याच्या आदल्या दिवशीच सारा स्लॅब त्या अ‍ॅपमधी ओतला होता. स्टॉपलॉस न लावता. सरानं सांगतलं तसा.

थोड्याच दिवसात माडीले कुलूप. मोबाईल बंद. फ्लेक्स मात्र तसाच, वर नाजिया हसून राहिली.

आता ऐका खरी गोष्ट. माणिकबाई इतवाऱ्यात आली. भर बाजारात, सकाळच्या गर्दीत. नाजियानं नेहमीसारखा पाट पुढं सारला, तिले वाटलं रडायले आली. माणिकबाई बसली नाई. उभ्या उभ्या तिनं दोन्ही हातातल्या हिरव्या बांगड्या एक एक करून उतरवल्या. फोडल्या नाई, उतरवल्या. अन् नाजियाच्या पेटीवर नीट रांगेनं ठेवल्या. केशवराव जिता-जागता, अन् ही बाई दोन्ही हात उघडे करून भर बाजारात उभी! आमच्याकडं सवाष्ण असं करत नाई. मनियारणीले जगात याच्याहून मोठी शिवी नाई.

“तुह्या हाताच्या आहेत,” ती म्हणे. “तुह्यापाशीच ठेव. मी तुह्या तोंडाकडं पाहून गेलती.”

मी भांडायले उठली. म्हटलं, माणिकबाई, चोर सोडून संन्याशाले सुळी देतं का? त्या चंदनले जाऊन धर ना! माणिकबाईनं माह्याकडं पाह्यलंबी नाई, चालली गेली. अन् त्या दिवसापासून नाजियाच्या पाटावर बायाइचे हात येणं बंद. एक एक करून सगळ्या. पलीकडच्या दुकानात प्लास्टिकच्या बांगड्या घेत, पण तिच्याकडं फिरकत नाई. घरी आयशाबी रोज विचारे, आज किती हात भरले? नाजिया खोटं सांगे.

पोलीस ठाण्यात गेलो आम्ही. नाजिया, मी अन् हाता-पाया पडून बोलावलेल्या दोघी-तिघी. माणिकबाईबी आली, पण वेगळी बसली. साहेबानं ऐकलं अन् खुर्चीत मागं रेलून म्हणे, “बाई, लोभ कोणी केला? अन् असलं बिनपरवान्याचं अ‍ॅप वापरणंच बेकायदा आहे, मालूम आहे का? तुमच्यावरच केस होईन.”

लोभ! टिनाखाली शिजणाऱ्या बाईले स्लॅब पाहिजे हा लोभ? शिकायची हौस हा लोभ? अन् बेकायदा होतं तर चौकात वर्षभर फ्लेक्स कसा लटकला? साहेबाची गाडी रोज त्याच्याखालून जाये. हे सारं मी तिथंच बोलली, तर म्हणे, “या बाईले बाहेर काढा.” उचलली जीभ लावली टाळ्याले, अन् जिची जीभ खरी तिले बाहेर. परदेशी चलनाचा सौदा आपल्या देशात नोंदणी असलेल्या दलालामार्फत, मान्य बाजारातच करता येते, हे नाजियानं नंतर स्वतः वाचून काढलं. क्लासात पहिल्या दिवशी जो धडा पाहिजे होता, तोच त्यानं लपवला होता.

मंग संक्रांत आली. बायाइचा बांगड्या भरायचा हंगाम, अन् नाजिया पेटी पुसत बसलेली. अशात तिच्या भावाचा, तनवीरचा अकोल्याहून फोन आला. असा ओरडून राहिला होता का मले बाजूच्या पाटावर ऐकू येत होतं.

“आपा, तेरा दुपट्टा किदर है?”

त्यानं फोटो पाठवला. अकोल्यात, नाजियाच्या माहेरात, चौकात फ्लेक्स. ‘धनसखी महिला मंच, भव्य हळदी-कुंकू व मोफत मार्गदर्शन.’ वर नाजिया. तोंड तिचंच, पण डोक्यावरची ओढणी कापून टाकलेली, मोकळे केस कोणाचे तरी डकवलेले, अन् अंगात काळा कोट. खाली कोपऱ्यात चंदन सर, नव्या नावानं, नव्या दाढीसह.

नाजिया तवा पहिल्यांदा रडली. पैसे बुडाले तवा नाई, माणिकबाईनं बांगड्या ठेवल्या तवा नाई. “माह्या अम्मी-अब्बानं हे पाह्यलं असन,” एवढंच म्हणे. रऊफ म्हणे, “मी जाऊन हात-पाय तोडतो त्याचे.” नाजियानं डोळे पुसले अन् म्हणे, “तुमी नाई. हळदी-कुंकू बायाइचं असते. मीच जाते.”

मी अन् ती बडनेरा-मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी धरून अकोल्यात उतरलो. तिच्या खांद्यावर पेटी, माह्या हातात गजऱ्याची टोपली. मंगल कार्यालयाच्या दारात एक पोट्टी येणाऱ्या बायाइची नावं लिहून घेत होती. आम्हाले पाहून काय म्हणाली असन? “अय्या, सरांनी बांगड्यापण ठेवल्यात! या या, तिकडं बसा.” हळदी-कुंकवाले चुडीवालीले अन् फूलवालीले कोण अडवन बापा?

नाजिया कुठं बसली, तर बराबर स्वतःच्या फोटोच्या खाली. एका बाईनंबी तिले ओळखलं नाई. वर कोट, खाली ओढणी. बाया पाटाभोवती जमल्या. तिनं पहिलीचा हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबला, अन् काच सरकवता सरकवता हळूच विचारलं, “ताई, पैसे टाकले का?”

“नाई व, आज टाकणार.”

“मंग ऐका.” अन् सांगायले लागली. हात मनियारणीच्या हातात असला का बाई उठून जाऊ शकत नाई, अर्ध्या चढलेल्या काचेवर कोण उठन? काडी काय, टेकू काय, स्टॉपलॉस काय, अन् त्याइच्या अ‍ॅपमधी शेपटी कशी फुटते, सारं. एकीचा हात झाला का दुसरीचा. भरून झालेली बाई हलायची नाई, बाजूलेच बसून दुसरीले सांगायची. मी गजरे वाटता वाटता सांगत होती, पण माहा आवाज मोठा, म्हणून नाजिया मले डोळे वटारे.

तेवढ्यात चंदन सर मंचावर चढला. माईक हातात. तीच धुतलेली मराठी. “भगिनींनो, वर पाहा. या नाजियाताई. साधी बांगडीविक्रेती. आज त्या स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. खरं तर त्या आज इथे येणार होत्या, पण ट्रेडिंगच्या कामासाठी त्यांना दुबईला जावं लागलं.”

व माय! पाटाभोवतीच्या बाया आधी एकमेकीकडं पाहायले लागल्या, मंग वर फोटोकडं, मंग खाली नाजियाकडं. अन् एक म्हातारी अशी हसली का तिचा दात हलला. नाजिया उठली. हातात कोणाची तरी भरायची राहिलेली बांगडी तशीच.

“सलाम, सर,” ती म्हणे. “दुबईहून आली.”

त्या माणसाचं तोंड मी पाह्यलं आहे. माह्या टोपलीत चार दिवसाचा झेंडू तसा नाई दिसत. नाजिया मंचाजवळ गेली. आवाज चढवला नाई तिनं. “सर, मोठा पडदा लावला आहे तुमी. तुमचं अ‍ॅप लावा अर्ध्या पडद्यावर, अन् अर्ध्यावर जगाले दिसते तो चार्ट. युरोच लावा. बायाइले शिकवा ना, शेपटी कुठून येते ते. अन् तुमचे स्वतःचे पैसे त्यातून बाहेर काढून दाखवा. मी इथंच उभी आहे.”

तो म्हणे, “ताई, तुमची मानसिकता...”

“अन् माही ओढणी कोणी काढली?”

हा सवाल तिनं विचारला अन् मघापासून जी बांगड्यासाठी ‘मले आधी, मले आधी’ करत होती ती एक एक बाई उभी राहिली. दारातल्या पोट्टीनं आपलं रजिस्टर मिटवलं. चंदन सर स्वयंपाकघराच्या दाराकडं सरकला, तर तिथं वाणाच्या स्टीलच्या वाट्या घेऊन आचाऱ्याच्या बाया उभ्या. हातच्या काकणाले आरसा कशाले म्हणतात ना. काकणंबी तिथं, आरसाबी तिथं. अकोल्याच्या बाया पोलीस येईस्तोवर जागच्या हलल्या नाई, अन् पोलिसाइले लिहून घ्यावंच लागलं.

आता तुमी म्हणसान, चला, झालं भलं. काय भलं झालं? तो माणूस जमानतीवर सुटला. म्हणे उन्हाळ्यात दुसऱ्या कोणत्या गावात तिसऱ्या नावानं फ्लेक्स लागला. पैसे कुठल्या कुठल्या खात्यातून फिरून कुठं गेले, तपास चालू आहे. तपास लय दिवसापासून चालूच आहे. अमरावतीत लोक अजूनबी म्हणतात, बायाइनं कशाले त्या भानगडीत पडावं? रऊफनंबी एकदा म्हटलं, तो मोबाईल फेक आता. नाजिया म्हणे, “चाकूनं बोट कापलं म्हणून कोणी भाजी चिरणं सोडते का? विद्या खरी आहे, शिकवणारा चोर होता. मी त्याच्यासाठी माही विद्या कावून सोडू?” ती अजून दुपारी डॉलर-रुपयाच्या काड्या पाहते. सौदा करत नाई, कागदावर अंदाज लिहिते, चुकली तर खोडते. तिचं शिकणं आहे, कोणाच्या बापाचं काय जाते?

हात मात्र लवकर वापस आले नाई. अकोल्याची गोष्ट इतवाऱ्यात पोचली, बाया लांबून हसून जात, कौतुक करत, पण पाटावर कोणी बसेना. सगळ्या माणिकबाईकडं पाहून होत्या. ती आधी बसल्याबिगर कोण बसन?

ती आली एका सकाळी. खिचडीचं शिजवून, पदराले हात पुसत. पाटावर बसली अन् उजवा हात पुढं केला.

“भर,” म्हणे.

नाजियानं पेटीच्या खालच्या कप्प्यातून त्याच हिरव्या बांगड्या काढल्या. रोज पुसून ठेवलेल्या. एक एक चढवली. उजवा झाला, तिनं डाव्यासाठी हात मागितला. माणिकबाईनं डावा हात पदराखाली घेतला.

“हा नाई. तुह्यावरचा राग गेला, म्हणून एक भरला. हा माह्या पैशाचा आहे. जवा माहा पैसा वापस येईन, तवा भरीन. तोवर असाच.”

“माणिकबाई, सवाष्ण बाई व तुमी,” नाजिया घाबरून म्हणे. “केशवराव काय म्हणतीन?”

“त्याइलेच विचारून आली. ते म्हणे, टिन तर दोघाइच्या डोक्यावर आहे.”

तिनं वाकून नमस्कार केला अन् गेली. मागून दुसरी बसली, मंग तिसरी, अन् त्या दुपारी नाजियाचे हात मोकळेच झाले नाई, दोन्ही दुकानाचा गल्ला मले एकटीले सांभाळायले लागला.

माणिकबाई आता अशीच फिरते. एक हात भरलेला, एक उघडा. शाळेत मास्तरीण विचारते, लग्नात व्याहीण विचारते, एसटीत शेजारची विचारते, बाई, हा हात रिकामा कावून? अन् ती प्रत्येकीले पहिल्यापासून सांगते, डॉलरविद्या काय, अ‍ॅप काय, शेपटी काय. अन् दर सोमवारी ती ठाण्यात जाते. मीबी जाते तिच्यासंगं, मले आता बाहेर काढत नाई कोणी. ती साहेबासमोरच्या खुर्चीवर बसते, काई बोलायच्या आधी डावा हात उचलून त्याच्या टेबलावर, त्याच्या कागदाइवर ठेवते, अन् म्हणते, “साहेब, हा अजून रिकामाच आहे.”